पदवीनंतरची सीईटी : राहनाळ, काल्हेर, पूर्णा पट्ट्यातल्या मुलामुलींसाठी अर्जापासून प्रवेशापर्यंतची माहिती

राहनाळ (ता. भिवंडी) : आपल्या पट्ट्यात बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. झालेली मुलं आता घरोघर आहेत. पदवी हातात आली की बहुतेकांची पावलं गोदामाकडे वळतात. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडे, माणकोली या गावांत काम लगेच मिळतं, पगार सुरू होतो आणि पुढचं शिक्षण "बघू पुढच्या वर्षी" म्हणत राहून जातं. गोदामातलं काम कमी दर्जाचं नाही. पण स्कॅनर हातात घेऊन डॉकवर उभं राहणं वेगळं आणि त्याच गोदामाचा सप्लाय चेन मॅनेजर होणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये बऱ्याचदा एकच परीक्षा उभी असते.

ती परीक्षा अवघड आहे म्हणून आपली मुलं मागे पडतात, असं नाही. अर्जाची तारीख उशिरा कळते, जात पडताळणी अडकते, दाखल्यावरचं नाव जुळत नाही किंवा परीक्षेच्या दिवशी कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकते. म्हणून अभ्यासाइतकीच या बाकीच्या गोष्टींची माहितीही इथे दिली आहे.

कोणाला कोणती परीक्षा?

महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, त्यांच्यामार्फत होतात. पदवीनंतरच्या मुख्य परीक्षा अशा :

- एमबीए / एमएमएस सीईटी : कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के गुण लागतात.
- एलएलबी तीन वर्षे सीईटी : पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, ओबीसीसाठी ४२ टक्के, एससी-एसटीसाठी ४० टक्के. पेपर मराठीतूनही देता येतो. कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्क आणि इंग्रजी असे विषय असतात.
- बी.एड. सीईटी : १०० प्रश्न, ९० मिनिटे. बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के, मागास प्रवर्गाला ४५ टक्के.
- एमसीए सीईटी : गणित व संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची मूलतत्त्वे.

राज्याबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठांत एम.ए., एम.एस्सी. करायचं असेल तर सीयूईटी पीजी. ती एनटीए घेते आणि तिथे बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ गुण कापला जातो. इंजिनिअर मुलांना एम.टेक.साठी गेट. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. राज्याच्या सीईटीचा स्कोअर मात्र त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता असतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असाल तरी सीईटीला बसता येतं. निकाल प्रवेशाच्या वेळी दाखवावा लागतो. त्यामुळे "आधी डिग्री होऊ दे, मग बघू" म्हणून एक वर्ष घालवण्याची गरज नाही.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण काम करता करता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून पदवी घेणारे खूप आहेत. एमबीएसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी चालते. एलएलबीला मात्र एक अट नीट समजून घ्या. दहावी, बारावी आणि मग पदवी अशा क्रमाने शिकलेल्यांना अडचण नाही. पण बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलीच्या अभ्यासक्रमाला ती धरली जात नाही. फी भरण्याआधी हे तपासा.

एमबीए सीईटीचा पेपर कसा असतो?

आपल्या भागातून सर्वांत जास्त विचारणा याच परीक्षेची असते, म्हणून ती सविस्तर बघू. आतापर्यंतचा आराखडा असा आहे :

- एकूण २०० प्रश्न, २०० गुण, १५० मिनिटे
- तार्किक क्षमता (लॉजिकल रीझनिंग) : ७५ प्रश्न
- आकृत्यांवरचे तर्क (अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग) : २५ प्रश्न
- गणित (क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूड) : ५० प्रश्न
- इंग्रजी व उतारे : ५० प्रश्न

पेपर संगणकावर असतो, भाषा इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दरवर्षीचं माहितीपत्रक आलं की आराखडा त्यात पुन्हा एकदा बघून घ्यायचाच.

आता हिशोब करा. १५० मिनिटं म्हणजे ९,००० सेकंद. २०० प्रश्नांना वाटले तर एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. गणित फार वरच्या पातळीचं नसतं, आठवी ते दहावीचं असतं. पण ४५ सेकंदांत ते सोडवायची सवय नसते, आणि मुलं अडकतात ती इथेच.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे

निकालात ९२ पर्सेंटाइल दिसलं म्हणजे ९२ टक्के गुण मिळाले असं नाही. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. समजा तुमच्या सत्रात १०,००० जण बसले आणि त्यातल्या ९,२०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, तर तुमचं पर्सेंटाइल ९२. म्हणजे तुमची तुलना तुमच्याच सत्रातल्यांशी होते.

यातून दोन गोष्टी कळतात. पेपर अवघड गेला म्हणून रडत बसायचं कारण नाही, कारण तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. आणि दुसऱ्या सत्रातल्या मित्राचे गुण जास्त असूनही त्याचं पर्सेंटाइल कमी येऊ शकतं, त्यात घोटाळा नसतो.

कॉलेजप्रमाणे लागणारं पर्सेंटाइल फार बदलतं. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेसाठी ते ९९ च्या पुढे जातं. ठाणे, कल्याण, नवी मुंबईतल्या अनेक कॉलेजांत त्याहून बरंच कमी चालतं. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळतात. ऐकीव आकड्यांवर न जाता ते बघा.

शिफ्ट सांभाळून अभ्यास : १६ आठवड्यांचा आराखडा

कामावर जाणाऱ्या मुलाला रोज सहा तास अभ्यास करायला सांगणं म्हणजे थट्टा आहे. कामाच्या सहा दिवशी रोज दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी चार तास, असे आठवड्याचे १३ तास होतात. १६ आठवड्यांत २०८ तास भरतात. तेवढ्या वेळात पाया पक्का होऊ शकतो.

*पहिले ६ आठवडे, पाया :* शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, व्याज. बालभारतीची आठवी, नववी, दहावीची गणिताची पुस्तकं ई-स्वरूपात फुकट मिळतात, तिथूनच सुरुवात करा. २५ पर्यंतचे पाढे, ३० पर्यंतचे वर्ग आणि १/२ ते १/१२ पर्यंतच्या अपूर्णांकांची टक्केवारी पाठ करा. रोज एक बैठक व्यवस्थेचा प्रश्न आणि इंग्रजीचा एक उतारा.

*पुढचे ६ आठवडे, वेग :* घड्याळ लावून २० प्रश्न १५ मिनिटांत. आकृत्यांचे प्रश्न रोज १०. ते फक्त सरावाने येतात, त्यात पाठ करण्यासारखं काही नाही. दर रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा.

*शेवटचे ४ आठवडे, सराव परीक्षा :* आठवड्याला दोन पूर्ण पेपर. प्रत्येक पेपर झाल्यावर तेवढाच वेळ चुका बघायला द्या. चुकांची एक वेगळी वही करा : प्रश्न समजला नाही, रीत येत नव्हती की घाई झाली, हे एका ओळीत लिहा. महिन्याभरात तुमचीच वही सांगेल की नेमकं कुठे अडतंय.

रात्रपाळी असेल तर घरी आल्या आल्या अभ्यासाला बसू नका. आधी झोप काढा, मग बसा. शक्य असेल तर शेवटचे दोन आठवडे दिवसपाळी मागून घ्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची सुट्टी महिनाभर आधी सुपरवायझरला सांगून ठेवा. मोबाइलवर नुसते व्हिडिओ बघणं हा अभ्यास नव्हे. व्हिडिओ अर्धा तास बघितला तर तासभर वहीत सोडवा.

घरच्यांसाठीही दोन शब्द. मुलीला संध्याकाळी भाकऱ्या, पाणी, धाकटी भावंडं हे सगळं करून मग अभ्यासाला बसवलं, तर तिच्या वाट्याला रात्रीचे अकरा येतात. चार महिने तिला रोजचे दोन तास मोकळे द्या. घरात जागा नसेल तर वाचनालय, समाजमंदिर किंवा शाळेची खोली मिळते का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

नमुन्याचे तीन प्रश्न

*एक.* गोदामात ८०० खोकी आली. १५ टक्के परत गेली. उरलेल्यांपैकी २५ टक्के नाशिकला पाठवली. शिल्लक किती? घाईत १५ आणि २५ मिळवून ४० टक्के वजा केले की ४८० येतात आणि तो आकडा पर्यायांत मुद्दाम दिलेला असतो. बरोबर रीत : ८०० चे ८५ टक्के ६८० आणि त्याचे ७५ टक्के ५१०. उत्तर ५१०.

*दोन.* एक टोळी कंटेनर ६ तासांत खाली करते, दुसरी ३ तासांत. दोघी मिळून किती वेळात? पहिली तासाला १/६, दुसरी १/३, मिळून १/२. म्हणजे २ तास. सरासरी काढून साडेचार म्हणणारे बरेच असतात. पण दोघी मिळून केलेल्या कामाला एकटीपेक्षा जास्त वेळ लागेलच कसा?

*तीन.* पाच ट्रक रांगेत आहेत. लाल मधोमध आहे. निळा लालच्या लगेच पुढे आहे. पांढरा सर्वांत शेवटी. हिरवा पिवळ्याच्या पुढे कुठेतरी आहे. पहिला कोणता? लाल तिसरा, निळा दुसरा, पांढरा पाचवा. पहिली आणि चौथी जागा उरली. हिरवा पुढे, म्हणून पहिला हिरवा, चौथा पिवळा. अशा प्रश्नात जी माहिती पक्की आहे ती आधी कागदावर मांडायची, "कुठेतरी"वाली शेवटी.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातली मुलं इथेच कच खातात. पण या पेपरात इंग्रजी बोलायचं नसतं, वाचून समजायचं असतं. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाचा, अडलेले पाच शब्द वाक्यासकट वहीत उतरवा. चार महिन्यांत सहाशेच्या आसपास शब्द होतात. तर्काच्या सूचनाही इंग्रजीतच असतात, त्यामुळे ही मेहनत फक्त ५० गुणांपुरती नसून पूर्ण पेपरला उपयोगी पडते.

कागदपत्रं : अभ्यासाच्या आधी यांच्या मागे लागा

आमची कळकळीची सूचना आहे : अर्ज भरायच्या वर्षी दिवाळी झाली की कागदपत्रांना लागा.

- जातीचा दाखला : भिवंडीच्या प्रांत कार्यालयातून.
- जात वैधता प्रमाणपत्र : एससी, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांच्यासाठी जिल्हा जात पडताळणी समिती. आदिवासी उमेदवारांसाठी अनुसूचित जमातींची वेगळी समिती असते. जुने पुरावे लागतात : वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या महसुली नोंदी. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, काम सोपं होतं. सर्वांत जास्त वेळ याच कागदाला लागतो.
- नॉन क्रीमीलेअर : ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना लागतं. मुदत बघा. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारं हवं.
- ईडब्ल्यूएस असाल तर त्याचा दाखला. सोबत उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास (डोमिसाइल).
- दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

आधारवरचं, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि अर्जातलं नाव अक्षरशः सारखं असू द्या. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद तयार ठेवावी.

अर्ज भरताना

अर्ज फक्त सीईटी सेलच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा. सायबर कॅफेत भरलात तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको. पुढचे सगळे ओटीपी आणि सूचना त्यावरच येतात. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. प्रवर्ग निवडताना घाई नको. शेवटच्या दिवशी सर्व्हर चालेना म्हणून फी अडकली की कोणी ऐकून घेत नाही, म्हणून मुदतीच्या आठवडाभर आधी मोकळे व्हा.

परीक्षेचा दिवस : राहनाळहून निघताना

केंद्र ठाणे, नवी मुंबई, मुंबई कुठेही येऊ शकतं. हॉल तिकिटावर परीक्षेची वेळ आणि गेट बंद होण्याची वेळ वेगळी असते. आपल्याला गेटची वेळ गाठायची आहे. अंजूरफाटा ते कशेळी हा जुना आग्रा रोड कंटेनरची वर्दळ आणि मेट्रो ५ चं काम यामुळे कधी तुंबेल सांगता येत नाही. सकाळचं सत्र असेल तर अंधारातच निघालेलं बरं. भिवंडी रोड स्थानक जवळ असलं तरी वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, त्या एकाच गाडीच्या भरवशावर राहू नका. केंद्र लांब असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा. जमल्यास आधीच्या रविवारी केंद्र बघून या.

सोबत हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र आणि सूचनेत लिहिलेलं तेवढंच. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, कॅल्क्युलेटर आत चालत नाही.

पेपर सोडवताना तीन फेऱ्या करा. पहिल्या ११० मिनिटांत येणारे सगळे प्रश्न, एकावर दीड मिनिटापेक्षा जास्त नको. पुढची ३० मिनिटं खूण केलेल्या प्रश्नांना. शेवटच्या १० मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. चार पर्याय धरले, तर ४० अंदाजी उत्तरांत सरासरीने १० बरोबर येतात, आणि इथे गुण कापले जात नाहीत. हाच नियम सीयूईटीला किंवा गेटच्या बहुपर्यायी प्रश्नांना लावू नका, तिथे चुकीला शिक्षा आहे.

निकालानंतर : कॅपची फेरी

चांगलं पर्सेंटाइल आलं म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी करावी लागते. त्यानंतर कागदपत्र पडताळणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम आणि जागावाटप. ही पायरी माहीत नसल्यामुळे सीईटी देऊनही घरी बसलेली मुलं आपल्या आजूबाजूला आहेत.

पसंतीक्रमात पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाका जे खरोखर हवं आहे. पहिली पसंती मिळाली की ती जागा अंतिम धरली जाते. कॉलेज निवडताना रोजचा प्रवास, फी आणि नोकऱ्यांचा खरा इतिहास बघा. इमारतीच्या काचा बघून ठरवू नका.

पैशांचं काय?

खाजगी कॉलेजची फी ऐकून बरेच पालक मागे फिरतात. आधी हे बघा :

- कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे.
- एससी, एसटी विद्यार्थ्यांना २.५ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती.
- मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि इतर योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत.

लक्षात ठेवा, या शुल्क सवलती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात प्रवेश घेतला तर मुलींची ही फीमाफी लागू होत नाही. "कॅपची वाट कशाला बघता, आत्ताच सीट बुक करा" म्हणणारा एजंट हे सांगत नाही. क्लाससाठी बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या शासनाच्या संस्था मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती काढत असतात. त्यांची संकेतस्थळं बघत राहा.

"पर्सेंटाइल वाढवून देतो" असा फोन आला तर तो कापा. ते शक्य नाही. पैसे तर जातातच, वर गुन्ह्यात नाव येऊन पुढची वर्षंही जातात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*क्लास लावावाच लागतो का?* नाही. स्वतःहून घड्याळ लावून बसता येत असेल तर पुस्तकं आणि सराव परीक्षा पुरतात. बसता येत नसेल तर क्लासचा उपयोग शिस्तीपुरता होतो.

*पदवीनंतर पाच-सहा वर्षं गेली, आता चालेल का?* चालेल. एमबीए सीईटीला वयाची अट नाही. उलट गोदामात, वाहतुकीत किंवा हिशोबात काम केल्याचा अनुभव पुढे नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडतो.

*बारावीला गणित नव्हतं?* एमबीए, एलएलबी, बी.एड. सीईटीला अडचण नाही. एमसीएसाठी गणिताबाबत वेगळ्या अटी असतात, माहितीपत्रक वाचा.

*एका वर्षी दोन-तीन सीईटी देता येतात का?* येतात. प्रत्येकीचा अर्ज आणि फी वेगळी. तर्काचा अभ्यास सगळीकडे उपयोगी पडतो.

तारखा आणि फी दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या अधिकृत सूचनेतच बघाव्यात. आत्ता लगेच करण्यासारखं काम एकच आहे : कपाटातली कागदपत्रांची पिशवी काढा, वरच्या यादीशी ताडून बघा आणि जे नाही त्यासाठी या आठवड्यातच सेतू केंद्र गाठा.